तणनाशक मारूनही तण मरत नाही? मात्रा वाढवण्याआधी हे तपासा

निफाड-लासलगावच्या पट्ट्यात कांद्याच्या वावरात गवतावरचे तणनाशक मारून पंधरा दिवस झाले, की बहुतेक गवत पिवळे पडून वाळते. मधूनच चिमणचाऱ्याचा एखादा फुटवा मात्र हिरवागार उभा असतो. दुकानात विचारले की उत्तर ठरलेले: मात्रा वाढवा, नाहीतर ही दुसरी बाटली न्या. या दोन्ही सल्ल्यांनी नुकसान होऊ शकते. म्हणून तो फुटवा का वाचला, हे आधी शोधायचे.

आधी फवारणी तपासा

तण वाचले म्हणजे ते प्रतिकारक झाले (आधी ज्या औषधाने मरायचे ते आता सोसू लागले), असे लगेच धरू नका. बहुतेक वेळा चूक फवारणीत असते. सरळ पट्ट्यात तण वाचले असेल तर नोझल तुंबले होते किंवा चालताना पट्टा सुटला. सगळ्याच जातींचे तण वाचले असेल तर पाणी, पाऊस आणि तणाचे वय पाहा. ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट मातीच्या कणांना चिकटून निकामी होतात, त्यामुळे कालव्याचे गढूळ पाणी वापरले तर औषध टाकीतच अर्धे संपते. विहिरीच्या जड पाण्यानेही ग्लायफोसेटचा जोर कमी होतो. पेंडीमिथॅलीन उगवलेल्या तणाला मारत नाही. ते उगवणीआधी, ओल असलेल्या रानात पडावे लागते.

काही तणे मुळातच त्या औषधाला दाद देत नाहीत. क्विझालोफॉप फक्त गवतवर्गीय तणांसाठी आहे. लव्हाळा दिसायला गवतासारखा असला तरी तो गवत नाही, त्यामुळे तो मरणारच नाही. केना ग्लायफोसेट बऱ्यापैकी सोसतो. याला प्रतिकार म्हणत नाहीत.

खरा संशय कुठे घ्यायचा? एकाच जातीची, एकाच वयाची रोपे शेजारी-शेजारी आहेत, त्यातली एक पार वाळली आणि दुसरी तरारून आली, तिथे. त्यात अशा रोपांचा ठिगळासारखा तुकडा गेल्या वर्षापेक्षा मोठा झाला असेल, तर पुढचे वाचाच.

हे घडते कसे

तणनाशक पडले म्हणून झाड औषध पचवायला शिकत नाही. वावरात तणाची लाखो रोपे उगवतात, त्यात एखाद्या रोपात जन्मतःच थोडा फरक असतो. औषध ज्या एन्झाइमवर (झाडातली रासायनिक कामे करणाऱ्या प्रथिनावर) बसते त्याची घडण जराशी वेगळी असते, किंवा ते रोप औषध पानातच मोडून टाकते. औषधाने बाकी सगळे मारले, की त्या एका रोपाला जागा, पाणी, खत सगळे मोकळे मिळते. गाजर गवताचे एक झाड दहा-पंधरा हजार बिया सहज टाकते. पुढच्या वर्षी तेच औषध मारले, की पुन्हा निवड त्याच वंशाची होते. ही निवड आपण पंपाने करत असतो.

हरियाणा-पंजाबात हेच झाले. तिथे भातानंतर गहू, गव्हानंतर पुन्हा भात, आणि गव्हातल्या गुल्लीदंडा या गवतवर्गीय तणावर वर्षानुवर्षे एकच तणनाशक, आयसोप्रोट्युरॉन. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते गुल्लीदंड्यावर चालेनासे झाले आणि कित्येक वावरांत गव्हापेक्षा तणच जास्त दिसू लागले. दशकाच्या शेवटी क्लोडिनाफॉप, सल्फोसल्फ्युरॉन अशी नवी औषधे आली. पुढे त्यांनाही प्रतिकार दिसला. ग्लायफोसेट १९७४ मध्ये बाजारात आले. त्याला प्रतिकार करणारे राई गवत (रायग्रास) ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये नोंदले गेले.

बाटलीचे नाव सोडा, गट पाहा

माझ्या मते या लेखातले सर्वात महत्त्वाचे काम हेच. घरातल्या सगळ्या बाटल्या ओट्यावर मांडा. मोठ्या अक्षरातले कंपनीचे नाव सोडून खाली बारीक अक्षरात लिहिलेला घटक वहीत उतरवा. त्याच्यापुढे गट लिहा. तणनाशकांचे गट आकड्यांनी ओळखले जातात आणि ते औषध तणाच्या कोणत्या कामावर घाव घालते त्यावरून ठरतात:

- गट १: क्विझालोफॉप, प्रोपाक्विझाफॉप, क्लोडिनाफॉप (शेवटी ‘फॉप’ दिसले की हाच गट)
- गट २: इमॅझेथापायर, मेटसल्फ्युरॉन, सल्फोसल्फ्युरॉन
- गट ३: पेंडीमिथॅलीन
- गट ५: ॲट्राझीन
- गट ९: ग्लायफोसेट
- गट १४: ऑक्सिफ्लोरफेन
- गट २२: पॅराक्वाट
- गट २७: टेम्बोट्रिओन

आता त्याच वहीत प्रत्येक वावराचा गेल्या तीन वर्षांचा हिशोब लिहा: हंगाम, पीक, घटक, गट. इथे बऱ्याच जणांचे डोळे उघडतात. गेल्या वर्षी कांद्यात क्विझालोफॉप मारले, यंदा ‘औषध बदलले’ म्हणून प्रोपाक्विझाफॉप आणले, तर बदलली ती फक्त बाटली. गट तोच. खरिपात सोयाबीनला इमॅझेथापायर आणि त्याच वावरात रब्बीच्या गव्हाला मेटसल्फ्युरॉन, हे आपल्याकडे सर्रास चालते. पिके दोन, दुकानातली नावे दोन, पण घाव एकाच एन्झाइमवर. दोन्ही हंगामांत उगवणाऱ्या तणाची वर्षातून दोनदा तीच निवड होते. एका वावराच्या पानावर एकच आकडा लागोपाठ दिसला, की तो धोक्याचा इशारा समजा.

घरच्या घरी कुंडी-परीक्षा

वाचलेल्या झाडांचे पक्के बी गोळा करा. त्याच जातीचे बी अशा ठिकाणाहूनही आणा जिथे कधी तणनाशक पडलेले नाही, म्हणजे गायरान किंवा मंदिरामागची पडीक जागा. दोन्ही बिया वेगळ्या, नाव लिहिलेल्या कागदी पाकिटांत सावलीत वाळवा. काही तणांचे बी ताजे असताना उगवत नाही, त्यामुळे काही आठवडे थांबावे लागेल.

मग तळाला भोके पाडलेल्या प्लॅस्टिकच्या कपांत पेरा. दोन्ही ठिकाणच्या रोपांचे चार-चार गट करा: एकाला काहीच नाही, एकाला निम्मी मात्रा, एकाला लेबलची, एकाला दुप्पट. रोपे दोन ते चार पानांवर असताना कप ओळीत मांडा आणि नेहमीच्या पंपाने, रोजच्या चालीने फवारा. एकेका रोपावर नेम धरून मारू नका, मात्रा चुकते. हातमोजे-मास्क घाला आणि कप पोरांच्या, गुरांच्या वाटेत ठेवू नका.

दोन-तीन आठवड्यांनी पाहा. लेबलच्या मात्रेत गायरानातली रोपे मेली आणि वावरातली नवे पान काढून वाढत असली, तर संशय पक्का. दोन्हीकडची मेली, तर दोष फवारणीत होता. मग नोझल बदला, औषध नको.

प्रतिकार निघाला तर

पहिले काम खुरप्याचे. वाचलेले प्रत्येक झाड फुलावर येण्याआधी उपटा. बी धरले असेल तर पिशवीत भरून वावराबाहेर न्या, बांधावर टाकू नका. मजुरी परवडत नाही हे खरे आहे, पण तुकडा लहान असताना दोन बायांच्या एका दिवसात होणारे काम तीन वर्षांनी वावरभर पसरते.

मात्रा मनाने वाढवू नका आणि पैसे वाचवायला कमीही करू नका. कमी मात्रेत अर्धवट सोसणारी रोपे वाचतात, त्यांचे आपसात परागीकरण होते आणि पुढची पिढी आणखी चिवट निघते. ऑस्ट्रेलियातल्या राई गवतात हे प्रयोगाने दिसले आहे.

पुढच्या हंगामात गट बदला. जे झाड औषध पानातच मोडते ते कधीकधी दुसऱ्या गटाचे औषधही मोडते, म्हणून नुसत्या औषधबदलावर विसंबू नका. पेरणीआधी रान ओलवा, तण उगवू द्या, वाफसा आला की वरवर कुळवून ते मोडा आणि मगच पेरा. खोल नांगरट टाळा, नाहीतर खालचे बी वर येते. सोयाबीन-मक्यात एक तरी कोळपणी ठेवा. लाल कांद्याचे रोप टाकणार असाल तर एप्रिल-मेच्या उन्हात वाफे भिजवून चार ते सहा आठवडे पारदर्शक पॉलिथिनने घट्ट झाका. नाशिकच्या उन्हात वरच्या थरातले बरेच बी मरते. लव्हाळ्याच्या गाठींवर मात्र याचा फार भरवसा नाही.

शेणखत पूर्ण कुजलेलेच टाका. पंजाबातून फिरत आलेला हार्वेस्टर वावरात शिरण्याआधी झाडून घ्यायला लावा. चालक कुरकुर करेल, तरी मागे हटू नका, कारण त्या कोपऱ्या-सांध्यांत गव्हाबरोबर गुल्लीदंड्याचेही बी असू शकते.

नमुना तपासायला द्यायचा असेल तर कृषी विज्ञान केंद्रात किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात विचारा. देशपातळीवर या विषयाची संस्था जबलपूरचे तण संशोधन संचालनालय आहे. बियांच्या पाकिटावर गाव, वावर, पीक, तणाचे नाव, औषधाचा घटक, एकरी मात्रा आणि फवारणीची तारीख लिहा, आणि वहीतल्या तीन वर्षांच्या पानाचा फोटो सोबत द्या.