मेंढीच्या डोक्यातले लिम्फ नोड (रोगाशी लढणाऱ्या पेशींच्या गाठी) शोधताना या चुका टाळा

मेंढीचं डोकं तपासणीच्या टेबलावर आलं की नवीन मुलं लगेच स्कॅल्पेल चालवतात आणि दहा मिनिटांनी विचारतात, सर नोड कुठंय? तोवर सगळ्या चरबीचा चिवडा झालेला असतो, मग मलाही सापडत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लाळग्रंथीलाच नोड समजणं. एकदा स्क्रेपीच्या (मेंढ्यांच्या मेंदूचा जीवघेणा रोग) तपासणीसाठी 6 मेंढ्यांचे मीडियल रिट्रोफॅरिंजियल (घशाच्या मागचे) नोड काढायचे होते, एकाने पटापट 12 तुकडे काढून डब्यात भरले आणि मी दुसऱ्या टेबलावर होतो म्हणून न बघताच जाऊ दिले. रिपोर्ट आला की लिम्फॉइड टिश्यू (नोडमधला ऊतक) नाहीच, सगळी मँडिब्युलर, म्हणजे खालच्या जबड्याजवळची लाळग्रंथी. डोकी तोवर जाळून झालेली. क्लासिकल (नेहमीच्या प्रकारच्या) स्क्रेपीत बऱ्याच मेंढ्यांत प्रायॉन (रोग करणारं बिघडलेलं प्रोटीन) मेंदूच्या आधी नोडच्या फॉलिकलमध्ये (आतल्या पेशींच्या गोल पुंजक्यांत) सापडतो, म्हणजे जे लवकर कळलं असतं तेच गेलं, ते मला अजून मनाला लागतं.

तेव्हापासून मी प्रत्येक तुकडा कापून बघतो. लाळग्रंथी बोटाला दाणेदार लागते, कापली तरी दाणेच दिसतात. नोडवर गुळगुळीत कॅप्सूल (पातळ आवरण) असतं, तो चरबीतून सुटून येतो आणि आतून एकसारखा, ओलसर असतो.

दुसरी चूक डोकं तोडतानाच होते. कवटीला फार चिकटून कापलं की रिट्रोफॅरिंजियल नोड मानेकडेच राहतात आणि मग लोक डोक्यात शोधत बसतात. थोडी मान ठेवूनच कापा. मी डोकं उलटं, हनुवटी वर करून ठेवतो, स्वरयंत्र फोर्सेप्सने धरून उचलतो आणि घशाची मागची भिंत आणि कवटीचा तळ यांच्या मधे बोट घालतो. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक नोड लागतो. आधी बोट, मग ब्लेड. बाहेरून भराभर काप मारत आत जायचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही.

पॅरोटिड नोड कानाखाली, जबड्याच्या सांध्याजवळ असतो, खोल जाऊ नका.

छोटी गडद लाल गाठ दिसली तर तो हीमल नोड (रक्त भरलेली वेगळी गाठ) असू शकतो, तो पाठवू नका. कोकराच्या मानेतला थायमसही (लहान वयातली एक ग्रंथी) फसवतो.

नोड सुजलेला, टणक वाटला तर उगाच चिरू नका, केसियस लिम्फॅडेनायटिसचा (गाठीत पू करणारा जिवाणूंचा रोग) पू उडतो आणि तो जंतू माणसालाही लागतो. ग्लोव्हज, चष्मा घालूनच हात लावा.

आणि सगळा नोड फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणारं द्रावण) बुडवू नका, अर्धा ताजा ठेवा, काही टेस्टना तोच लागतो.