‘टेबल’ शब्दाला फसू नका: इलिनॉयच्या जुन्या आमदारांचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

१८३०च्या दशकातला अमेरिकी खेड्यातला आमदार अभ्यासायला घेतला की गाडी अब्राहम लिंकनपाशीच थांबते. थांबू द्या. फक्त चरित्रांपासून सुरुवात करू नका, कारण मग मूळ कागदांतही डोळे तेच शोधत बसतात. थेट प्रतिनिधिगृहाचं जर्नल, म्हणजे रोजच्या कामकाजाची नोंदवही, उघडा. पहिले पंधरा दिवस डोक्यावरून जाईल. सगळ्यांचंच जातं.

पैशांचं लवकर आटपतो. ऑगस्ट १८३४मध्ये निवडून आला तेव्हा लिंकन न्यू सेलम गावचा पोस्टमास्तर होता, जमीन मोजणीही करायचा. राजधानी व्हँडेलियाला जाण्याआधी त्याने २०० डॉलर उसने घेतले, त्यातले ६० नव्या सुटावर गेले. पहिल्या अधिवेशनाचे भत्ता आणि प्रवासखर्च मिळून २५८ डॉलर मिळाले. हा वर्षाचा पगार धरू नका. अधिवेशन १ डिसेंबर १८३४ ते १३ फेब्रुवारी १८३५ एवढंच होतं. हिवाळ्यात शेतं रिकामी, म्हणून तेव्हा.

आता खरा खड्डा. आपल्याकडे कागद ‘पटलावर ठेवला’ म्हणजे सभागृहापुढे मांडला. अमेरिकेत विधेयक ‘टेबल’वर ठेवलं म्हणजे बाजूला सारलं, आणि बहुतेक वेळा ते तिथेच मेलं. मराठी वाचक इथे हमखास पडतो. जर्नलमध्ये ‘टेबलवर ठेवा’ असा प्रस्ताव दिसतो, खाली होकाराच्या रकान्यात आपल्या आमदाराचं नाव सापडतं, आणि आपण वहीत लिहितो ‘विधेयकाला पाठिंबा’. झालं बरोब्बर उलटं! ‘बेमुदत पुढे ढकला’ या प्रस्तावाचंही तेच. म्हणून नावं मोजण्याआधी त्या यादीच्या वरची ओळ वाचा: मत विधेयकावर घेतलंय, दुरुस्तीवर, की टेबलावर ठेवण्यावर? वहीत तीन रकाने करा: प्रस्ताव काय, मत काय, त्याचा विधेयकावर परिणाम काय. तिसरा रकाना कंटाळवाणा आहे आणि तोच सगळे गाळतात. एकदा तो गाळला की पन्नास मतविभागण्या (नावानिशी नोंदलेली मतदानं) पुन्हा तपासाव्या लागतात, कारण कुठली चुकली ते नंतर ओळखता येत नाही.

एकेक विधेयक शेवटपर्यंत धरा. १८१८च्या राज्यघटनेप्रमाणे तीन वेगवेगळ्या दिवशी तीन वाचनं, मध्ये समिती, दोन्ही सभागृहं, आणि शेवटी गव्हर्नर व सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश मिळून बनलेली फेरतपासणी परिषद. सरावाला छोटं काहीतरी घ्या. सॅम्युअल म्युझिकला सॉल्ट क्रीकवर टोलचा पूल बांधू देण्याचं लिंकनचं विधेयक चांगलं आहे. गावच्या आमदाराचं बरंच काम असंच असायचं: रस्ता, पूल, हद्द.

जर्नलमध्ये भाषणं नसतात, ती शोधू नका. वर्तमानपत्रांत सापडतील, पण ‘सँगमो जर्नल’ हे पत्र लिंकनच्या व्हिग पक्षाच्या बाजूचं होतं हे ध्यानात ठेवा.

गाईड म्हणून कुणी ‘लाँग नाइन’ची सौदेबाजी तयार विषय म्हणून पुढे केली, तर जरा सबुरीने. लिंकनसह सँगमन परगण्याच्या या नऊ उंच आमदारांनी रस्ते-कालवे-रेल्वेच्या कामांना मतं देऊन त्या बदल्यात राजधानी स्प्रिंगफील्डला नेली, असं सांगतात. त्या कामांचा कायदा २७ फेब्रुवारी १८३७चा आणि स्प्रिंगफील्डची निवड लगेच दुसऱ्या दिवशीची, म्हणून गोष्ट पटकन गळी उतरते. पण तारखा जुळल्या म्हणून सौदा सिद्ध होत नाही. कोणत्या परगण्याच्या कोणत्या माणसाने दोन्हीकडे काय मत दिलं, हे नावानिशी जुळवायला लागतं, आणि अभ्यासकांचं त्यावर अजून एकमत नाही.

मतदारांच्या बाबतीत मात्र तुमचं नशीब चांगलं आहे. तेव्हा मतदार तोंडाने नावं सांगायचा आणि कारकून वहीत लिहायचा, त्यामुळे शेजाऱ्याने कुणाला मत दिलं हेही कळतं. १८३२ साली लिंकन हरला, १३ उमेदवारांत आठवा आला, तरी न्यू सेलमच्या ३०० मतदारांपैकी २७७ जणांनी त्याचं नाव घेतलं होतं. बेरीज करताना एवढंच पाहा: जागा चार होत्या आणि एकेका मतदाराला चार नावं सांगता येत. सगळ्या उमेदवारांची मतं मिळवून मतदारसंख्या काढायला गेलात तर गाव चौपट मोठं होईल.