उमेद, शांतपणा आणि वळण : घरच्या कुत्र्याला शिकवताना

सकाळी कोपऱ्यावर दूधवाल्याच्या मोटारसायकलचा आवाज आला की आमच्या बेळगाव-खानापूर भागातील कितीतरी घरांत एकच प्रकार घडतो. कुत्रे फाटकावर झेपावते, घरातून कोणीतरी "गप, गप" असे ओरडत बाहेर येते, त्या आवाजाने कुत्र्याला आणखी चेव चढतो, आणि दूध देऊन दूधवाला निघून गेला की आपण भुंकलो म्हणूनच तो गेला, अशी कुत्र्याची समजूत पक्की होते. पुढे दिवसभर तेच कुत्रे सोप्यात, म्हणजे ओसरीवर, निवांत पडून असते, तेव्हा मात्र त्याच्याकडे कोणी पाहतही नाही. गोंधळाची दखल घ्यायची आणि शांतपणाची घ्यायची नाही, हा आपला नित्याचा हिशेब उलटा करणे, हेच माझ्या मते शिकवणीचे पहिले पाऊल आहे.

कुत्र्याने ऐकावे असे वाटत असेल, तर ऐकण्यात त्याला काही गोडी असली पाहिजे. ज्या कृतीनंतर समाधान मिळते ती कृती पुन्हा घडण्याचा संभव वाढतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली पेटीत कोंडलेल्या मांजरांवरील प्रयोगांतून मांडले, आणि कुत्र्यांच्या बाबतीतही तेच खरे आहे. घरात सोपे काम करून घ्यायचे असेल तर ज्वारीच्या भाकरीचा तुकडा पुरतो; रस्त्यावर, जिथे लक्ष विचलित करणारे शंभर वास असतात, तिथे उकडलेल्या कोंबडीच्या काळजाचे शेंगदाण्याएवढे तुकडे लागतात. हे खाणे रोजच्या जेवणातूनच वजा करावे. पाहुण्यांनी आणलेली कुंदा किंवा सुक्यामेव्याचा करदंट अशी मिठाई कौतुकाने कुत्र्यापुढे ठेवण्याची पद्धत मात्र सोडावी, कारण इतकी साखर त्याला नको असते आणि सुक्यामेव्यातील मनुका तर कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. बक्षीस हवे ते वागणे घडल्यावर एक-दोन सेकंदांच्या आत मिळाले पाहिजे. खिशात पिशवी शोधत बसलो, तर तोवर कुत्रे उठलेले असते आणि बक्षीस उठण्याचे ठरते.

मात्र नुसती उमेद वाढवत नेली की कुत्रे उतावळे होते. रोज तासभर चेंडू फेकून दमवलेले कुत्रे संध्याकाळी शांत होईल असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्याचे अंग कसलेले होते आणि मन सतत पुढच्या चेंडूची वाट पाहत राहते. म्हणून शांत बसणे हेही शिकवावे लागते, आणि इथे घाई चालत नाही.

त्यासाठी एक जुने गोणपाट घ्यावे, चौपदरी घडी करून सोप्याच्या कोपऱ्यात, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर अंथरावे. पट्टा सैल ठेवून आपण शेजारी जमिनीवर बसावे आणि काहीही सांगू नये. कुत्र्याने गोणपाटावर पाय ठेवला की एक तुकडा त्याच्या पुढच्या पायांमध्ये गोणपाटावरच ठेवावा, हातातून भरवू नये. हातातून भरवले की ते हाताकडे पाहत राहते, खाली ठेवले की मान खाली जाते. ते आपणहून आडवे झाले की आणखी एक तुकडा ठेवावा. यानंतर खरे काम पाहण्याचे असते. आडवे झालेले कुत्रे अजून तयारीत असते, मागचे दोन्ही पाय पोटाखाली दुमडलेले असतात. थोड्या वेळाने ते एका कुल्ल्यावर कलते, हनुवटी टेकते, कानांचा ताठरपणा जातो आणि नाकातून एक लांब श्वास सुटतो. त्या श्वासाला तुकडा द्यावा, हळू हाताने आणि न बोलता, कारण मोठ्याने "शाब्बास" म्हटले की ते लगेच उठून उभे राहते. पाच मिनिटे पुरे, दिवसातून दोनदा. ते उठून गेले तर रागावू नये, पुढच्या वेळी अवधी कमी ठेवावा. आठवड्याभराने आपण उभे राहावे, मग एक पाऊल दूर जाऊन परत यावे, मग दारापर्यंत जावे.

लहान पिल्लाच्या बाबतीत एवढेच सांगतो की दिवसाचा बहुतेक वेळ ते झोपलेले असणेच योग्य आहे. संध्याकाळी पायांना चावत सुटलेले पिल्लू पुष्कळदा झोप न झालेल्या तान्ह्या मुलासारखे चिडचिडे झालेले असते.

आमच्याकडे भाषेचाही प्रश्न येतो. आजोबा "ये" म्हणतात, शेजारचे काका कानडीत "बा" म्हणतात, शाळेतून आलेली मुले "कम" म्हणतात, आणि कुत्रे तिघांकडे नुसते पाहत राहते. कोणताही शब्द चालतो, पण घरातील सर्वांनी एकच ठरवावा आणि बोलावून घेतल्यावर कुत्र्याला कधीही रागावू नये. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळचे कुत्रे पाळणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. ही नजरेने शिकार हेरणारी जात आहे. बांधावरून ससा पळाला की हाक तिच्या कानापर्यंत पोहोचत नाही. पंचवीस-तीस फुटांचा बैलाचा कासरा गळ्याऐवजी छातीभोवतीच्या अंगपट्ट्याला बांधून मोकळ्या शेतात हाकेचा सराव महिनोन्महिने करावा.

आता दूधवाल्याकडे वळू. शेजाऱ्याला विनंती करून रिकामी मोटारसायकल दूरवर सुरू करायला सांगावी. आवाज कानी पडला आणि भुंकणे अजून सुरू झाले नाही, त्या क्षणी तुकडा द्यावा व कुत्र्याला गोणपाटाकडे न्यावे. मग गाडी थोडी जवळ, मग फाटकापर्यंत, मग किटलीच्या आवाजासह. भुंकू लागले तर आपण घाई केली असे समजून पुन्हा अंतर वाढवावे. ताटाजवळ भुंकून भाकरी मागणाऱ्या कुत्र्याला घास देणे बंद केले की पहिले काही दिवस ते पूर्वीपेक्षा जास्त भुंकते, आणि चौथ्या दिवशी आजीने कळवळून घास दिला तर चार दिवस भुंकावे लागते एवढेच ते शिकते. म्हणून आजीला आधी विश्वासात घ्यावे.

मार आणि टोचणाऱ्या पट्ट्यांविषयी माझे मत ठाम आहे: दोन्ही नकोत. आमच्या ओळखीच्या एका घरी गुरगुरले म्हणून कुत्र्याला छडीने मारत. त्याचे गुरगुरणे थांबले आणि पुढे ते काही न सुचवता चावले. कुत्र्याला नेहमी साखळीला बांधून ठेवणे आणि पुरेसे न फिरवणे तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. शांत स्वभावाचे कुत्रे अचानक चिडू लागले, तर शिकवणी थांबवून आधी पशुवैद्याला दाखवावे.

गणपतीच्या दिवसांची तयारी आषाढातच सुरू करावी: फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी हळू लावून, कुत्रे गोणपाटावर निवांत असतानाच तुकडे द्यावेत आणि आवाज दिवसागणिक थोडाच वाढवावा. विसर्जनाच्या रात्री खिडक्या बंद करून तेच गोणपाट आतल्या खोलीत न्यावे. ते मधूनमधून धुवायला हरकत नाही, पण फिनेल वापरू नये आणि सणाच्या आदल्या दिवशी तर धुवूच नये. त्याचा ओळखीचा वास त्या रात्री कुत्र्याला हवा असतो.