पाणी उलटे फिरू नये यासाठीची तयारी

व्हॉल्व्ह बंद आहे म्हणजे पिण्याच्या पाण्याचा दुसऱ्या पाण्याशी असलेला जोड तुटला, असे धरून चालणे ही या कामातली सर्वांत महागडी चूक. फिनलंडमधल्या नोकिया गावात नोव्हेंबर २००७ मध्ये नेमके हेच झाले. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात पिण्याच्या पाण्याची वाहिनी आणि प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची वाहिनी एकमेकींना जोडलेल्या होत्या, मध्ये फक्त एक व्हॉल्व्ह होता. तो उघडला गेला आणि सुमारे ४५० घनमीटर सांडपाणी गावाच्या नळांत शिरले. आठ हजारांहून अधिक लोक आजारी पडले. म्हणून या यादीत उपकरणांची खरेदी मागे आहे आणि जोडांचा शोध पुढे.

शोधाला निघण्यापूर्वी पाणी मागे का फिरते ते डोक्यात पक्के असू द्या. कारणे दोनच, ओढ आणि ढकल. मुख्य वाहिनी फुटली, आग विझवायला हायड्रंट उघडला, कोणी वाहिनीलाच पंप लावून पाणी खेचले किंवा ठरावीक वेळेचा पुरवठा बंद होऊन वाहिनी रिकामी होऊ लागली, की तिच्यातला दाब हवेच्या दाबाखाली जातो. मग ज्या नळाची नळी ज्या पाण्यात बुडलेली असेल, तिथून ते पाणी वाहिनीत ओढले जाते. ढकल याच्या उलट: ग्राहकाकडचा बूस्टर पंप, बॉयलर किंवा उंचावरची टाकी यांचा दाब वाहिनीपेक्षा वरचढ होतो. १० मीटर उंचीचे पाणी साधारण १ बार दाब देते, त्यामुळे ३० मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरची टाकी तळाशी ३ बारने ढकलत असते. हा फरक महत्त्वाचा, कारण काही उपकरणे फक्त ओढ थांबवतात आणि ढकलीपुढे निरुपयोगी ठरतात.

सोबत घ्यायच्या वस्तू थोड्याच आहेत: इमारतीचा पाइपलाइनचा नकाशा (तो जुना असणार हे गृहीत धरून), टॉर्च, मोजपट्टी, दाबमापक, मुक्त क्लोरीन तपासायचा संच, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर, न भिजणारे टॅग आणि कॅमेरा. आत येणारी प्रत्येक जोडणी मोजा. पाणी मोजणारे दोन मीटर असतील आणि एकाच जोडणीवर संरक्षण असेल, तर पाण्याला दुसरी वाट मोकळी आहे. बोअरवेल, टँकर, पावसाचे साठवलेले पाणी, पुनर्वापराचे पाणी असे दुसरे कोणतेही पाणी आवारात येत असेल, तर ते पिण्याच्या वाहिनीजवळ कुठे येते तिथपर्यंत पाइप हाताने चाचपत जा. भिंतीआड गेलेल्या पाइपावर अंदाज चालत नाही.

भिंतीआडचा जोड पकडायची एक सोपी चाचणी आहे. पिण्याच्या पाण्याचा पुरवठा मुख्य व्हॉल्व्हवर बंद करा, दुसरे पाणी दाबाखाली चालू ठेवा आणि पिण्याच्या वाहिनीवरचे सर्वांत वरचे व सर्वांत खालचे नळ उघडा. पाइपातले उरलेले पाणी निथळून धार थांबली पाहिजे. धार थांबतच नसेल किंवा काही वेळाने पुन्हा सुरू होत असेल, तर कुठेतरी जोड आहे. मग उलट करून पाहा: दुसरे पाणी बंद, पिण्याचे चालू. चाचणीपूर्वी मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतो की गळतो हे तपासा, नाहीतर नसलेला जोड शोधत दिवस जाईल. गच्चीवरची टाकी मध्ये असेल तर तीही वेगळी काढा. चाचणी करण्याआधी वापरणाऱ्यांना कळवा आणि तेवढा वेळ नळाचे पाणी कोणी पिणार नाही अशी सोय ठेवा, कारण जोड खरोखर असेल तर तुम्ही स्वतःच दूषित पाणी आत घेत आहात.

आता एकेक जागा. साठवण टाकीत पाणी सोडणाऱ्या पाइपाचे तोंड ओव्हरफ्लोच्या पातळीच्या वर आहे का? बऱ्याच टाक्यांत आवाज होऊ नये म्हणून कोणीतरी त्या तोंडाला नळी जोडून ती तळापर्यंत सोडलेली असते. हौसेने केलेली ही सोय टाकीतले सगळे पाणी वाहिनीत परत जायचा रस्ता आहे. ओव्हरफ्लोचा पाइप आत येणाऱ्या पाइपापेक्षा मोठा हवा आणि त्याच्या तोंडाला जाळी हवी. फ्लश टाकीत फिल व्हॉल्व्हवरची खूण ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापेक्षा किमान २५ मिलिमीटर वर असावी. बादलीत, टबात, फवारणीच्या टाकीत किंवा गटाराच्या चेंबरमध्ये सोडलेली रबरी नळी हा सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार, आणि सगळ्यांत स्वस्तात मिटणाराही: नळाच्या आट्यांवर बसणारा छोटा व्हॅक्यूम ब्रेकर, म्हणजे ओढ लागली की हवा आत सोडणारे उपकरण, लावायचा. त्याच्यापुढे नळीच्या टोकाला बंद होणारी फवाऱ्याची बंदूक लावून तो कायम दाबाखाली ठेवली तर मात्र तो लवकर खराब होतो. शौचालयातला हातफवारा विसरू नका. तो भांड्यात लोंबकळतो आणि त्यातून मागे येणारे पाणी सर्वांत घातक वर्गातले.

बॉयलर आणि कूलिंग टॉवरच्या भरण्याच्या वाहिन्या, अग्निशमन व्यवस्था, खत मिसळणारे ठिबक सिंचन, प्रयोगशाळेतले नळ, दंतवैद्याची खुर्ची, निर्जंतुकीकरणाचे यंत्र, पंपात पाणी भरायला काढलेला फाटा, या सर्वांवर टॅग लावा. सोडा यंत्राकडे सहसा कोणी पाहत नाही. त्यातला कार्बन डायऑक्साइड मागे सरकून तांब्याच्या पाइपात गेला तर पाणी आम्लधर्मी होते, तांबे विरघळते आणि पिणाऱ्याला उलट्या होतात. तिथे मध्ये हवेला उघडणारे, दोन चेकचे (चेक म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) खास उपकरण लागते आणि त्याच्यापुढचा पाइप तांब्याचा नसावा.

यादी झाली की प्रत्येक जोडापुढे दोन प्रश्न लिहा: मागे आले तर काय येईल, आणि ओढीने येईल की ढकलीने. युरोपातल्या ईएन १७१७ या मानकात द्रवांचे पाच वर्ग आहेत: पहिला पिण्याचे पाणी, दुसरा चव, वास किंवा तापमान बदललेले पाणी, तिसरा थोडे अपायकारक, चौथा विषारी आणि पाचवा रोगजंतूंचा. ढोबळ कामाला एवढे पुरते: नुसते किळसवाणे की जिवावर बेतणारे. शंका असेल तर वरच्या वर्गात टाका.

उपाय निवडताना पहिली पसंती हवेच्या मोकळ्या अंतराला. पाइपाचे तोंड आणि भांड्याचा काठ यांच्यात पाइपाच्या आतल्या व्यासाच्या दुप्पट, आणि काहीही झाले तरी २५ मिलिमीटरपेक्षा कमी नाही, इतके उभे अंतर. ५० मिलिमीटर पाइपाला १०० मिलिमीटर. शेजारी भिंत असेल तर तिप्पट धरा, कारण भिंतीमुळे हवा मोकळी येत नाही. यात हलणारा भाग नाही, स्प्रिंग नाही, वॉशर नाही. एकच वैगुण्य म्हणजे माणसे त्यात नळी खुपसतात. दाब तिथे संपतो, म्हणून पुढे टाकी आणि पंप लागतो हेही हिशेबात घ्या.

अंतर ठेवणे शक्य नसेल तिथे यंत्रे. साधा व्हॅक्यूम ब्रेकर पुढच्या सर्वांत उंच तोंडापेक्षा किमान १५० मिलिमीटर वर हवा, त्याच्यापुढे एकही व्हॉल्व्ह नको आणि २४ तासांत १२ तासांहून जास्त तो दाबाखाली राहू नये. स्प्रिंगचा, कायम दाब सोसणारा व्हॅक्यूम ब्रेकर ३०० मिलिमीटर वर. दोन्ही फक्त ओढ थांबवतात. डबल चेक असेंब्ली ओढ आणि ढकल दोन्ही थांबवते, पण ती कमी धोक्याच्या जागीच वापरायची, कारण दोन्ही चेक गळू लागले तर बाहेरून काहीच दिसत नाही. विषारी द्रवाच्या जोडासाठी आरपीझेड, म्हणजे दोन चेकच्या मधल्या कप्प्यात दाब मुद्दाम कमी ठेवणारे उपकरण. कप्प्याचा दाब आत येणाऱ्या दाबाच्या फार जवळ आला की मधला रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी जमिनीवर सोडून देतो. बिघडले की ते ओले होऊन सांगते, हाच त्याचा गुण. पाचव्या वर्गाच्या पाण्यासाठी ईएन १७१७ मात्र आरपीझेडवरही विसंबत नाही, तिथे हवेचे अंतरच लागते. साधा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह या यादीत कुठेच नाही. त्याला तपासायच्या तोट्या नसतात आणि वाळूचा एक कण सीटवर अडकला की तो उघडाच राहतो.

आरपीझेड बसवायचे असेल तर खरेदीआधी जागा आणि दाब मोजा. लहान आकारात त्यात ०.७ ते ०.८ बार दाब खर्च होतो. वरच्या मजल्यावर आधीच धार बारीक असेल तर हे आधी सोडवा. जमिनीपासून किमान ३०० मिलिमीटर वर, हात पोचेल अशा उंचीवर, आणि कधीही पाणी साचणाऱ्या खड्ड्यात नको: रिलीफचे तोंड बुडाले तर तेच घाण आत घ्यायचे दार होते. रिलीफ पूर्ण उघडला तर ५० मिलिमीटरच्या उपकरणातून मिनिटाला कित्येकशे लिटर पाणी पडते, म्हणून खालची मोरी तेवढे वाहून नेईल का ते बादलीने नव्हे, हिशेबाने तपासा. रिलीफला पाइप थेट गटाराशी जोडू नका, तिथेही मोकळे अंतर हवे. पाणी बंद ठेवणे परवडणार नाही अशा रुग्णालयासारख्या जागी दोन उपकरणे समांतर बसवा. बायपास ठेवायचाच तर त्यावरही तसेच उपकरण हवे.

बसवण्याच्या दिवशी सर्वांत आधी पाइप धुवा. नव्या उपकरणाच्या पहिल्याच चाचणीत आढळणाऱ्या बहुतेक गळत्या चेकच्या सीटवर अडकलेल्या पाइपाच्या कीसामुळे किंवा टेफ्लॉन टेपच्या तुकड्यामुळे होतात. पाणी उपकरणात शिरण्याआधी गाळणी बसवा, बाणाची दिशा पाहा. आणि गरम पाण्याचा विचार करा. चेक बसला की प्रसरण पावणाऱ्या पाण्याला मागे सरकायला जागा उरत नाही. १० अंशांवरून ६० अंश सेल्सियसपर्यंत तापवलेले २०० लिटर पाणी साडेतीन लिटरच्या आसपास वाढते. प्रसरण टाकी नसेल तर हीटरचा सुरक्षा व्हॉल्व्ह रोज ठिबकू लागतो, आणि वैतागून कोणीतरी तो बंद करून टाकतो. मग तो हीटर बॉम्ब आहे.

चाचणी बसवल्यावर लगेच, दर दुरुस्तीनंतर, जागा बदलल्यावर आणि वर्षातून एकदा. प्रशिक्षित तपासनीस, वर्षभरात कॅलिब्रेट केलेले विभेदक दाबमापक (दोन जागांच्या दाबांतला फरक दाखवणारे) आणि त्याच मॉडेलचा रबरी भागांचा संच आधीच हाताशी हवा, नाहीतर उघडलेले उपकरण संचाची वाट पाहत पडून राहते. अग्निशमन वाहिनी असेल तर ती बंद करण्यापूर्वी संबंधितांना कळवा. आरपीझेडमध्ये रिलीफ ०.१४ बार, म्हणजे २ पीएसआय, फरक उरलेला असतानाच उघडला पाहिजे. दुसरा चेक उलट दाबाला घट्ट हवा, आणि पहिल्यावरचा फरक रिलीफ उघडण्याच्या आकड्यापेक्षा पुरेसा जास्त. डबल चेकमध्ये प्रत्येक चेकने किमान ०.०७ बार धरला पाहिजे. दुसरा शटऑफ व्हॉल्व्ह (उपकरणाच्या पुढे पाणी बंद करणारा) गळत असेल तर आकड्यांना अर्थ नाही, आधी तो बदला.

रिलीफमधून थेंब पडताना दिसले तर लगेच रिलीफ बदलू नका. पाणी वाहत असताना थेंब थांबतात आणि वापर बंद होताच सुरू होतात, तर पहिल्या चेकखाली कचरा आहे. पुढचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर थांबले तर दुसरा चेक गळतोय आणि पुढून ढकल आहे. वापर असो वा नसो, पुढचा व्हॉल्व्ह उघडा असो वा बंद, ठिबक चालूच, तर रिलीफची सीट किंवा डायफ्राम. पंप सुरू-बंद होताना क्षणभर उडालेली चूळ मात्र दाबाच्या चढउताराची असते, तिला घाबरायचे कारण नाही. काम संपल्यावर दोन्ही शटऑफ हळूहळू पूर्ण उघडा. अग्निशमन वाहिनीवरचा व्हॉल्व्ह बंदच राहून गेला, हा चाचणीनंतरचा नेहमीचा अपघात आहे.

पुरवठा करणाऱ्यांची तयारी थोडी वेगळी. वाहिनीत कोणत्याही वेळी किमान १.४ बार, म्हणजे १४ मीटर, दाब टिकवता आला तर ओढीचा प्रश्न मुळातच लहान होतो. दुरुस्तीसाठी खोदताना खड्ड्यातले पाणी पाइपाच्या खाली ठेवा, शक्य असेल तोवर वाहिनीत थोडा दाब राहू द्या, नवे तुकडे आणि सांधे १ टक्का हायपोक्लोराइटने पुसून घ्या आणि नंतर सेकंदाला किमान ०.९ मीटर वेगाने वाहिनी धुवा. टँकर हायड्रंटवर भरताना नळी टाकीत बुडू देऊ नका. तक्रार घेणाऱ्याला काय ऐकायचे ते शिकवा: थंड नळातून गरम पाणी, फेस, रंग, औषधाचा वास, उलटे फिरलेले मीटर.

घटना घडली तर काय, ते आधीच कागदावर असावे. संशयित जोडणी बंद करा, ती प्रत्यक्ष तोडून वेगळी करा, म्हणजे पाइपाचा तुकडा काढून टोके झाका, आणि मगच दाब परत द्या. वाहिनी धुण्याआधी नमुने घ्या. जंतूंसाठी थायोसल्फेट (क्लोरीन निष्प्रभ करणारे रसायन) घातलेली निर्जंतुक बाटली, रसायनांसाठी प्रयोगशाळेने दिलेली वेगळी. लोकांना सूचना देताना काय शिरले ते माहीत नसेल तर "उकळून प्या" म्हणू नका. उकळल्याने जंतू मरतात, रसायन मात्र आटून दाट होते. अशा वेळी सूचना "वापरू नका" हीच, आणि पर्यायी पाणी कुठे मिळेल ते त्याच ओळीत. धुलाई शुद्ध बाजूकडून बाहेर, एकाच दिशेने. नाहीतर घाण एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाते.

१९३३ मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले असताना दोन हॉटेलांतल्या सदोष प्लंबिंगमुळे अमीबिक आमांश पसरला आणि ९८ जणांचा जीव गेला. त्या इमारतींत पाइप वर्षानुवर्षे तसेच होते. म्हणून नोंदवहीत प्रत्येक उपकरणाचे मॉडेल, क्रमांक, आकार, जागा, चाचणीचे आकडे आणि पुढची तारीख लिहाच, पण एक रकाना आणखी ठेवा: शेवटची फेरी कधी मारली. भाडेकरू बदलला, स्वयंपाकघर हलवले, नवा पंप बसला, कोणी "तात्पुरता" जोड दिला, की वार्षिक तारखेची वाट न पाहता पुन्हा टॉर्च घेऊन खाली उतरायचे.