जुन्या ट्रॅक्टरला पलटी नांगराचा वॉल्व कसा बसवावा

पलटी नांगर घरी आला आणि दारातला ट्रॅक्टर जुना निघाला, की पहिल्याच दिवशी काम अडतं. जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट एकतर्फी असते. तेलाच्या दाबानं वर जाते आणि अवजाराच्या वजनानं खाली येते. पलटी नांगराच्या सिलिंडरला मात्र दोन्ही बाजूंनी दाब लागतो, कारण त्याला एकदा इकडं पलटायचं असतं, एकदा तिकडं. म्हणून बाहेरून डबल ॲक्टिंग वॉल्व बसवावा लागतो. याला कुणी डीसीव्ही म्हणतं, कुणी लिव्हर वॉल्व, कुणी नुसताच डिस्ट्रिब्यूटर.

काम एका दिवसाचं आहे. पण बहुतेक जण वॉल्व कुठं बसवायचा एवढंच बघतात. त्याआधी हे ठरवा: लिव्हरला कुणाचाही हात नसताना पंपातून निघालेलं तेल जाणार कुठं? याचं उत्तर कागदावर काढता आलं नाही, तर पाना हातात घेऊ नका.

पंप कोणता आहे ते बघा

अनेक ट्रॅक्टरवर गिअर पंप बाहेर, इंजिनला बसवलेला असतो आणि त्यातून एक लोखंडी पाइप मागं लिफ्टकडं जातो. हा पंप इंजिन चालू आहे तोवर तेल ढकलत राहतो. लिफ्ट रिकामी असली की तेच तेल फिरून टाकीत परत येतं. असा ट्रॅक्टर असेल तर तुमचं अर्धं काम सोपं झालं.

फर्ग्युसन घराण्याचं वेगळं आहे. हॅरी फर्ग्युसनचा टीई-२० हा करडा छोटा ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीत तयार होत होता. पुढं त्याच वंशात मॅसी फर्ग्युसन ३५ आला आणि त्यावरूनच आपल्याकडं टॅफेचा १०३५ आला. या घराण्यात चार पिस्टनचा पंप गिअरबॉक्सच्या पोटात, तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या (मागच्या अवजाराला फिरकी देणाऱ्या) शाफ्टवर चालतो. कंट्रोल वॉल्व पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. लिफ्ट हव्या त्या उंचीवर पोचली की हा वॉल्व तेलाची वाटच बंद करतो, आणि पंप नुसता कोरडा फिरतो. म्हणजे तुम्ही बाहेर कितीही भारी वॉल्व लावा, त्याला तेलच मिळणार नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, लिफ्टच्या झाकणावर डायव्हर्टर प्लेट बसवायची. तिची लिव्हर एका बाजूला केली की तेल लिफ्टला, दुसऱ्या बाजूला केली की लिफ्टचे हात आहेत तिथंच अडकतात आणि तेल बाहेरच्या वॉल्वकडं येतं. त्यासाठी क्वाड्रंटवरची (सीटजवळच्या लिफ्टच्या पट्टीवरची) लिव्हर पंप सतत चालू ठेवण्याच्या जागी न्यावी लागते. नांगर आधी वर घ्यायचा, डायव्हर्टर फिरवायचा, मग पलटी मारायची, असा क्रम. दुसरा उपाय म्हणजे वेगळा पंप आणि वेगळी टाकी. खर्च जास्त, पण माझं मत विचाराल तर रोज नांगरट करणाऱ्यानं हाच करावा.

सिंगल क्लचच्या १०३५ वाल्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. क्लच दाबला की पंपही थांबतो. बांधावर वळताना सवयीनं पाय क्लचवर गेला, की नांगर निम्मा पलटून हवेत लोंबकळतो. पलटी मारायची ती गाडी न्यूट्रल करून, क्लच सोडून. ड्युअल क्लच असेल तर अर्धा दाबा, ट्रॅक्टर थांबतो आणि पंप चालू राहतो.

वॉल्व निवडताना

ओपन सेंटरचा (लिव्हर मध्ये असताना तेल न अडवता पुढं जाऊ देणारा), एका लिव्हरचा, स्प्रिंगनं आपोआप मध्ये येणारा आणि स्वतःचा रिलीफ (दाब जास्त झाला की तेल सोडून देणारी झडप) असलेला वॉल्व घ्या. गिअर पंपाच्या ट्रॅक्टरसाठी घेताना दुकानदाराकडं 'पॉवर बियॉन्ड'ची स्लीव्ह, म्हणजे पंपाचं तेल वेगळ्या तोंडातून पुढं लिफ्टला देणारी नळी, मागायला विसरू नका. ती वेगळी मिळते, आणि तिच्यासाठीच पुढचा सगळा खटाटोप आहे.

वॉल्वला चार तोंडं दिसतात. पी मध्ये पंपाचं तेल येतं. ए आणि बी सिलिंडरला जातात. टी मधून परतीचं तेल टाकीत जातं. आता लिफ्टला तेल कुठून द्यायचं? मी पहिला वॉल्व बसवला तेव्हा टी मधून निघालेला पाइप सरळ लिफ्टला जोडला होता. रिकामा ट्रॅक्टर झकास चालला. मग नांगर जोडून लिफ्ट वर घेतली, तर स्पूलच्या (वॉल्वच्या आत सरकणाऱ्या दांड्याच्या) टोकाचं सील फुटून तेलाची पिचकारी थेट सदऱ्यावर आली. कारण साधं आहे: लिफ्ट ओझं उचलते तेव्हा तिच्या वाटेवरचा पूर्ण दाब मागं टी मध्ये साठतो, आणि ती बाजू तेवढ्या दाबासाठी केलेलीच नसते. पॉवर बियॉन्डची स्लीव्ह बसवली की लिफ्टची वाट वेगळी होते, परतीची वेगळी. म्हणजे पाइप तीन: पंपातून पी ला, पॉवर बियॉन्डमधून लिफ्टला, टी मधून थेट टाकीला.

फर्ग्युसनवर डायव्हर्टर लावला असेल तर ही स्लीव्ह लागत नाही. तिथं वॉल्वच्या पुढं लिफ्ट नसते, टी मधून तेल सरळ गिअरबॉक्सच्या पेटीत जातं.

तेल पुरेल का?

६३ मिलिमीटर बोअर आणि २० सेंटिमीटर स्ट्रोकच्या नांगराच्या सिलिंडरला सव्वासहाशे मिलिलिटरच्या आसपास तेल लागतं. दांडा ३५ मिलिमीटरचा असेल तर दांड्याच्या बाजूनं परत येणारं तेल वजा जाता टाकीतून खरं कमी होतं ते जेमतेम २०० मिलिलिटर. चिंता नाही. हाच वॉल्व उद्या टिपिंग ट्रॉलीला लावणार असाल तर गणित बदलतं. १०० मिलिमीटर बोअर आणि एक मीटर स्ट्रोकचा जॅक पावणेआठ लिटर पितो. मिनिटाला १२ लिटर देणाऱ्या पंपाला तो उचलायला ४० सेकंद लागतील, आणि तेवढं तेल गिअरबॉक्समधून एकदम कमी होईल.

ट्रॉलीचा जॅक एकतर्फी असतो, म्हणून काही जण बी ला डमी बोल्ट मारतात. मग लिव्हर खाली उतरवायच्या बाजूला केली की पंपाचं सगळं तेल त्या बंद तोंडावर आदळतं आणि रिलीफ किंचाळतो. एकतर्फी कामाला बदलता येणारा स्पूल मिळतो, तो घ्या.

आता काम

नांगर आणि लिफ्ट जमिनीवर, इंजिन बंद, मग लिव्हर दोन्हीकडं हलवून उरलेला दाब सोडा. ट्रॉलीचा हौदा वर असताना त्याखाली जायचं असेल तर लोखंडी टेकू लावल्याशिवाय मान आत घालू नका. जॅकच्या भरवशावर तर कधीच नाही.

ब्रॅकेट उजव्या मडगार्डजवळ, सीटवरून हात पोचेल पण चढताना पाय पडणार नाही अशा जागी. वेल्डिंग आधी उरका, बॅटरीची वायर काढून, आणि वॉल्व तेव्हा तिथून लांब ठेवून. गिअरबॉक्सच्या बीडाला नवं भोक पाडू नका. असलेले प्लग आणि झाकणं वापरा.

पाइप काढण्याआधी सगळा भाग डिझेलनं धुऊन वाऱ्यावर सुकवा. उघडं तोंड प्लॅस्टिकच्या बुचानं बंद करा, कापडाच्या बोळ्यानं नाही. कापडाचा एक धागा स्पूल अडकवायला पुरतो. टेफ्लॉन टेपचंही तेच, सुटलेला तुकडा थेट आत जातो. सरळ आट्यांच्या बीएसपी (ब्रिटिश मापाच्या) जोडाला डाउटी वॉशर (आत रबराची कड असलेला लोखंडी वॉशर) वापरा, टेप लागत नाही.

आट्यांवर मात्र थांबून बघा. अर्ध्या इंचाच्या बीएसपी आणि एनपीटी (अमेरिकन मापाचे आटे), दोन्हींना इंचात १४ आटे. हातानं दोन-तीन फेरे सहज बसतात, वाटतं जमलं. पण एकाचा कोन ५५ अंशांचा, दुसऱ्याचा ६० अंशांचा. पान्यानं आवळला की एक तर तेल पाझरत राहतं, नाही तर वॉल्वचं तोंड तडकतं. शंका आली तर जुना निप्पल खिशात घालून दुकानात जा.

होज पाइप दोन तारांचा, आर-टू. पाण्याच्या लाइनीचे जीआय एल्बो मिळतात म्हणून लावणारे मी बघितलेत. असा एल्बो फुटला की लोखंडाचा तुकडा उडतो. परतीचा पाइप मात्र मोठा हवा, पाऊण इंची, आणि त्याचं आतलं टोक तेलाच्या पातळीखाली. वरून धार पडली तर तेलाला फेस येतो आणि सिलिंडर दचके देत चालतो.

चालू करून बघणं

तेल भरा ते सिलिंडर आत ओढलेले असताना. इंजिन हळू ठेवून सिलिंडर पाच-सहा वेळा पूर्ण आत-बाहेर करा म्हणजे हवा निघेल, मग पातळी पुन्हा बघा. कपलरला (होज पाइप झटकन जोडायच्या-काढायच्या तोंडाला) २५० बारचं गेज लावून लिव्हर दाबून धरा, दोन-तीन सेकंदच. वॉल्वचा रिलीफ ट्रॅक्टरच्या पुस्तकातल्या दाबापेक्षा दहा-पंधरा बार कमी ठेवा आणि स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवा. लोक ताकद वाढावी म्हणून तो आवळत बसतात. १०० मिलिमीटरचा जॅक १४० बारलाच ११ टन जोर लावतो, याहून जास्त लागत असेल तर ट्रॉलीत माल जास्त भरलाय.

गळती बोटानं चाचपू नका. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. सुईएवढ्या भोकातून येणारं तेल कातडीतून आत शिरतं, वरून नुसता ठिपका दिसतो आणि दुखतही नाही फारसं. तरी त्याच तासाला दवाखाना गाठायचा, आणि डॉक्टरांना 'दाबाचं तेल आत गेलंय' हे स्पष्ट सांगायचं. उद्यावर टाकलं तर बोट जाऊ शकतं.

पहिल्या दिवसाची नांगरट झाली की सगळे नट पुन्हा एकदा बघा.

आणि कपलर आला, की शेजारीपाजारी ट्रॉली घेऊन येणारच. फर्ग्युसन घराण्यात गिअर आणि हायड्रॉलिक यांचं तेल एकच असतं, त्यामुळं दुसऱ्याच्या जॅकमधली घाण आणि पाणी थेट तुमच्या गिअरबॉक्समध्ये उतरतं. माझ्याकडं तीन ट्रॉल्या येतात. प्रत्येकीच्या पाइपातलं पहिलं तेल मी काचेच्या बाटलीत घेतो. दोघींचं ठीक निघालं. तिसरीचं दूध घातलेल्या चहासारखं होतं, ती अजून जोडलेली नाही.