क्रोन्समुळे नोकरी थांबली, विम्याचा क्लेम नाकारला: माझा अनुभव

न्यू जर्सीत नोकरी करताना क्रोन्सचा, म्हणजे आतड्यांना सूज आणणाऱ्या जुनाट आजाराचा, त्रास इतका वाढला की काम थांबवावं लागलं. ऑफिसच्या लाँग टर्म डिसॅबिलिटी विम्याचा (आजारपणामुळे दीर्घकाळ काम करता आलं नाही तर पगाराचा काही भाग देणारा विमा) क्लेम टाकला, तो नामंजूर. कारण काय, तर काम बैठं आहे आणि कोलोनोस्कोपीत (आतड्याच्या दुर्बीण तपासणीत) सुधारणा दिसते. डोकंच फिरलं. खुर्चीत बसता येतं हो, पण कधी उठून पळावं लागेल याचा नेम नाही, त्याचं काय?

नोकरीतून मिळणारे असे बहुतेक विमे १९७४ च्या एरिसा या अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याखाली येतात. नकारानंतर अपिलाला १८० दिवस मिळतात आणि तुमची पूर्ण फाइल विमा कंपनीला फुकट द्यावी लागते. ती आधी मागवा. माझ्या फाइलीत त्यांच्या डॉक्टरांनी शौचाच्या घाईचा उल्लेखसुद्धा केला नव्हता. मग मी रोजच्या त्रासाची वही ठेवायला लागले: "पहाटे ३.१०, रक्त. ९.४०, फोन अर्धवट ठेवून उठले, २५ मिनिटं. नंतर कळ, आडवी पडले."

ती वही बघून माझ्या पोटाच्या डॉक्टरांनी पत्र दिलं. नुसतं निदान नाही. दिवसातून किती वेळा, किती वेळ, न सांगता काम सोडावं लागेल, थकव्यात लक्ष किती टिकेल, सगळं. निकाल फिरला तो या पत्रामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

सगळे कागद अपिलातच जोडा. प्रकरण कोर्टात गेलं तर सहसा तीच फाइल बघतात. माझं अपील मंजूर झालं, थकलेले पैसेही आले. मात्र अनेक पॉलिसींत २४ महिन्यांनी 'तुमचं काम' जाऊन 'कोणतंही काम' ही अट लागते, म्हणजे आधी स्वतःचं काम जमत नाही एवढं दाखवलं तरी पुरतं, नंतर कुठलंच काम जमत नाही असं दाखवावं लागतं. त्याआधी डॉक्टरांचं नवं पत्र घेऊन ठेवा.