एका दिवसाचा ट्रेक: या चुका उतरताना भोवतात

सह्याद्रीत एका दिवसाच्या ट्रेकला निघालं की सगळी तयारी चढाईचीच होते. दम लागेल का, किती वेळ लागेल, वर काय काय बघायचं. उतरणीबद्दल मात्र ‘उतरायला काय, तासाभरात खाली’ एवढंच बोलणं होतं. पाय मुरगळतो, वाट चुकते, अंधारात गाठलं जातं ते बहुतेक वेळा परतीच्या वाटेवर. त्यामागची चूक सकाळीच झालेली असते.

उशिरा निघणं

कळसूबाईचं उदाहरण घ्या. बारी गावातून १६४६ मीटरच्या माथ्यावर जायला सवयीच्या माणसाला तीन-साडेतीन तास लागतात, उतरायला दोन-अडीच. या हिशोबाने दहाला निघालं तरी चालेल असं वाटतं. पण सुट्टीच्या दिवशी लोखंडी शिड्यांपाशी गर्दी होते, जाताना आणि येतानाही. शिवाय गटाचा वेग म्हणजे सगळ्यात मागे चालणाऱ्याचा वेग. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच दिसेनासं होतं. म्हणून उजाडता उजाडता चालायला लागा आणि मागे फिरायची वेळ घरूनच ठरवून या. समजा साडेबारा ठरली, तर माथा अर्ध्या तासावर असला तरी साडेबाराला परत फिरायचं. हे वर गेल्यावर ठरवू म्हटलं तर ठरत नाही, कारण माथा समोर दिसत असतो. हेडटॉर्च मात्र कितीही लवकर निघालात तरी सॅकमध्ये हवाच.

वर पोहोचेपर्यंत पाणी संपवणं

माणशी तीन लिटर धरा. ऑक्टोबरच्या उन्हात तेही कमी पडू शकतं. माथ्यावर पोहोचाल तेव्हा निम्म्याच्या आसपास पाणी शिल्लक हवं. ‘वर टाकं (कातळात खोदलेला पाण्याचा हौद) आहे’ या भरवशावर निघू नका. राजगडावर पद्मावती माचीवर पाण्याची टाकी आहेत, पण सगळ्याच गडांवर तशी सोय नसते आणि मार्चनंतर बरीच टाकी आटतात किंवा हिरवी पडतात. घाम भरपूर जात असेल तर नुसतं पाणी पुरत नाही. लिंबू, मीठ, साखर किंवा ओआरएस थोडं थोडं घेत राहा, नाहीतर उतारावर पायांत गोळे येतात.

वाट चुकल्यावर खाली खाली जात राहणं

ही सगळ्यात धोक्याची चूक. चढताना वाटा माथ्याकडे एकत्र येत जातात, त्यामुळे थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावतं. उतरताना त्याच वाटा फुटत जातात. ढोरवाट, म्हणजे गुरांची वाट, मळलेली आणि सोपी दिसते, आडवी आडवी जाते आणि कारवीच्या झुडपांत कुठेतरी विरून जाते. मग ‘गाव तर दिसतंय, सरळ उतरू’ असं वाटायला लागतं. तसं करू नका. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून बनलाय. पायाखालच्या गवताळ उताराच्या शेवटी उभा कातळकडा असू शकतो आणि वरून तो दिसतच नाही. ओढ्याच्या कडेनेही उतरू नका, कारण आपले ओढे कड्यावरून धबधबा होऊन कोसळतात. नक्की ओळखीची अशी शेवटची जागा आठवा आणि तिथपर्यंत पुन्हा वर चढा. जिवावर येतं, पण हाच मार्ग सुरक्षित आहे.

चढतानाच प्रत्येक फाट्यावर मागे वळून बघायची सवय ठेवा; परतीला वाट तशीच दिसणार असते. फोनमध्ये ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या, जाताना वाट नोंदवत राहा आणि फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. बॅटरीची खरी गरज परतीला लागते.

बूट आणि उतरायची पद्धत

कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बुटांचा सोल दमट हवेने आतून कुजतो आणि नेमका डोंगरात सुटून येतो. आदल्या आठवड्यात ते घालून चालून बघा. पायाची नखं कापा. उतरणीआधी नाड्या घोट्यापाशी घट्ट बांधा, म्हणजे बोटं पुढे आपटत नाहीत. घसाऱ्यावर (सुट्या माती-खड्यांच्या उतारावर) आणि वाळल्या गवतावर लहान पावलं टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, हातात काठी असू द्या. शिडीवर किंवा हरिहर गडासारख्या उभ्या पायऱ्यांवर तोंड कातळाकडे करूनच उतरायचं.

पावसाळ्यातला ओढा

सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओढा दुपारी कमरेएवढा होऊ शकतो. गढूळ पाण्याचा लोंढा असेल तर हातात हात धरूनही शिरू नका. डोंगरातला ओढा जितक्या लवकर फुगतो तितक्याच लवकर ओसरतो. पाऊस थांबला की बहुतेक वेळा काही तासांत वाट मोकळी होते. तेवढं थांबायचं तर सुका खाऊ आणि एक कोरडा कपडा जवळ हवा. निघण्याआधी त्या भागात बंदी आदेश लागू नाही ना, तेही बघून घ्या.

कड्यांवर आग्या मोहोळं असतात. उग्र अत्तर, धूर आणि आरडाओरडा यांनी ती उठतात, म्हणून हे तिन्ही घरीच राहू द्या.

पायथ्याच्या गावात जेवणाची सोय होत असेल तर सकाळीच सांगून जा: इतकी माणसं, अमुक वाटेने, अमुक वाजता परत. जेवण गरम मिळतंच. शिवाय उशीर झाला तर कोणत्या बाजूला शोधायचं हे ठाऊक असलेलं कोणीतरी गावात असतं. बेत बदलून दुसऱ्या वाटेने खाली उतरलात तर त्यांना तेवढं फोन करून कळवा.